एकट्यानं रचलेला फंक : स्लाय स्टोनचा १९७१चा अल्बम

काळी_पाच

अमेरिकन गायक-संगीतकार स्लाय स्टोन २०२५च्या ९ जूनला गेला, वयाच्या ८२व्या वर्षी. त्या आठवड्यात जिकडेतिकडे त्याची जी गाणी वाजली ती बहुतेक १९६८-६९ची होती. ब्रासनं, म्हणजे ट्रम्पेटसारख्या फुंकवाद्यांनी, भरलेली, सगळ्यांना हात धरून नाचायला लावणारी. ती मलाही प्रिय आहेत. पण त्याचं सर्वांत खोल काम त्यानंतरचं आहे आणि त्याबद्दल मराठीत निवांत बोलणं व्हावं असं फार दिवस मनात होतं, म्हणून हा धागा. अल्बम आहे 'देअर्स अ रायट गोइन' ऑन', म्हणजे 'दंगल चालू आहे'. एपिक कंपनीनं तो नोव्हेंबर १९७१मध्ये काढला. पुढे लिहिताना नुसतं 'रायट' म्हणतो.

ज्यांनी नाव पहिल्यांदा ऐकलं त्यांच्यासाठी थोडं मागचं. सिल्व्हेस्टर स्टुअर्ट हे त्याचं खरं नाव. जन्म टेक्सासमधल्या डेंटनचा, १५ मार्च १९४३. वाढला कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेच्या व्हालेहोमध्ये. घरात चर्चचं वातावरण. भावंडं गॉस्पेल, म्हणजे चर्चची भक्तिगीतं, गायची आणि १९५२मध्ये चौघा भावंडांची एक तबकडीही निघाली होती. पुढे तो केएसओएल रेडिओवर निवेदक झाला आणि ऑटम रेकॉर्ड्स या स्थानिक कंपनीत ऐन विशीत दुसऱ्यांच्या तबकड्या घडवू लागला. बॉबी फ्रीमनचं १९६४चं 'कमॉन अँड स्विम' हे त्याच्या हातचं. हे मुद्दाम सांगतोय. गायक म्हणून नाव होण्याआधीच तो निर्माता होता. कुठला आवाज टेपवर कसा बसेल हे त्याला पुरेपूर कळत होतं. तेव्हा 'रायट'चा आवाज ऐकून कुणी म्हणालं की रेकॉर्डिंग कच्चं आहे, तर आधी हे लक्षात घ्यावं.

मग आला स्लाय अँड द फॅमिली स्टोन. भाऊ फ्रेडी गिटारला, बहीण रोझ कीबोर्डला, बेसवर लॅरी ग्रॅहम, ड्रम्सवर ग्रेग एरिको, सॅक्सोफोनवर जेरी मार्टिनी, ट्रम्पेटवर सिंथिया रॉबिन्सन. काळे आणि गोरे एकत्र, बायका आणि पुरुष एकत्र, आणि बायका नुसत्या मागे उभं राहून गाण्यासाठी नव्हत्या, वाद्यं वाजवत होत्या. १९६९च्या मे महिन्यात 'स्टँड!' आला, ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात त्यांनी पहाटेच्या अंधारात मैदान जागं केलं. फेब्रुवारी १९७०मध्ये 'थँक यू' हे गाणं पहिल्या क्रमांकावर होतं.

आणि मग नवा अल्बम येईचना. कंपनीनं १९७०च्या अखेरीस निवडक गाण्यांचा संग्रह काढून वेळ मारून नेली. स्लाय लॉस एंजेलिसला राहायला गेला होता. कोकेन आणि पीसीपीची नशा, ठरलेल्या कार्यक्रमांना दांड्या, बँडमध्ये धुसफूस. बेल एअर भागात 'ममाज अँड द पापाज'च्या जॉन फिलिप्सचं घर त्यानं भाड्यानं घेतलं, वर माळ्यावर स्टुडिओ थाटला आणि तिथे बसून, मित्र येतील-जातील तसे त्यांना वाजवायला लावत, पण बरंचसं स्वतःच वाजवत, हा अल्बम रचला. ड्रमरच्या जागी बऱ्याच गाण्यांत एक ऱ्हिदम बॉक्स, म्हणजे ठेका वाजवणारं यंत्र, आहे.

माझं म्हणणं असं की या अल्बमचा आवाज आणि त्याचा आशय वेगळे काढताच येत नाहीत. एका माणसानं घरात कोंडून घेऊन, माणसांऐवजी यंत्राशी आणि स्वतःच्याच आधीच्या ट्रॅकशी वाजवत राहिलं तर काय ऐकू येईल, ते इथे ऐकू येतं. एक अख्खा बँड सुटत चालल्याचा तो आवाज आहे. आणि तरीही तो फंक आहे, ठेक्यावर उभं असलेलं नाचरं संगीत, पाय हलतोच.

ज्यांनी ऐकलंय त्यांनी लिहा. ज्यांनी नाही ऐकलं त्यांनी 'फॅमिली अफेअर'पासून सुरुवात करा.


नवखी_श्रोती

आत्ताच सगळा अल्बम ऐकला, हेडफोनवर. 'फॅमिली अफेअर' लगेच आवडलं. बाकीचं मात्र कुणीतरी गोधडी पांघरून गातंय असं वाटलं. शब्द नीट कळत नाहीत, झांजांचा आवाज जवळजवळ नाहीच. माझ्या फोनचा दोष की मुळातच असं आहे?


टेपचं_रीळ

मुळातच तसं आहे, फोन चांगला आहे तुमचा. मी बरीच वर्षं ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे, त्यातली सुरुवातीची टेपवर गेली, त्यामुळे यावर थोडं लिहितो.

सर्वसाधारण पद्धत अशी की बँड एका खोलीत एकत्र वाजवतो. ड्रम्सच्या माइकमध्ये थोडी गिटार शिरते, गिटारच्या माइकमध्ये थोडे ड्रम्स. आम्ही त्याला 'लीक' म्हणतो आणि त्यावर वैतागतो, पण त्याच्यामुळेच रेकॉर्डिंगला एका जागेची हवा मिळते. 'स्टँड!' ऐका, ती हवा जाणवते. आता ऱ्हिदम बॉक्स घ्या. तो तारेनं थेट जोडता येतो, मध्ये ना खोली ना माइक. त्यावर एकेक वाद्य वेगवेगळ्या दिवशी चढवत गेलात तर प्रत्येक आवाज आपापल्या डबीत राहतो. मग जवळ आहे तो फक्त गळा. 'फॅमिली अफेअर'मध्ये स्लायचा आवाज कानाला चिकटल्यासारखा येतो तो त्यामुळे.

दुसरी गोष्ट टेपची. त्या काळात सोळा ट्रॅकची, म्हणजे सोळा आवाज वेगवेगळे घेता येणारी, टेप मोठ्या स्टुडिओंत रुळत होती, म्हणजे एकट्या माणसाला थरावर थर चढवायची सोय झाली होती. स्लायनं ती सोय अखेरपर्यंत ताणली. वाजवायचं, ऐकायचं, पुसायचं, त्याच जागी पुन्हा वाजवायचं. टेप दर वेळी हेडवर, म्हणजे यंत्राच्या आवाज टिपणाऱ्या भागावर, घासते आणि तिच्यावरचा चुंबकीय लेप थोडा थोडा झिजतो. सगळ्यात आधी जातात ते वरचे, बारीक आवाज. झांजा, गायकाचा 'स', गिटारच्या तारेवर नखी लागल्याचा टणत्कार. ट्रॅक कमी पडले म्हणून दोन-तीन एकत्र करून दुसऱ्यावर उतरवले की दर उतरवणीला खरखर वाढते. तुम्हाला झांजा ऐकू येत नाहीत त्याचं उत्तर यातच आहे.

निर्मात्याला हे थांबवता येत होतं का? येत होतं. नव्या टेपवर पुन्हा सगळं वाजवायचं. स्लायनं तसं केलं नाही, आणि निर्माता तो स्वतःच असल्यामुळे त्याला 'आता पुरे' म्हणणारं खोलीत कुणी नव्हतं. एरवी हे वाक्य मी तक्रार म्हणून लिहिलं असतं. इथे लिहीत नाही.


आडवा_ठेका

छान धागा, काळी पाच. मी तबला आणि ढोलकी वाजवतो, त्यामुळे माझं सगळं लक्ष त्या बॉक्सकडे.

त्या यंत्राचं नाव मॅस्ट्रो ऱ्हिदम किंग, एमआरके-२. हे मुळात ऑर्गन वाजवणाऱ्यांच्या सोबतीसाठी. हॉटेलात किंवा घरी एकटा वादक बसला तर मागे ठेका हवा, म्हणून. बटणं दाबायची, रॉक, स्विंग, सांबा, बोसा नोव्हा असे तयार ठेके सुरू. आपल्याकडे रियाजाला इलेक्ट्रॉनिक तबला लावून बसतात तसलीच गोष्ट. स्वतःचा ठेका त्यात घालता येत नाही, जे दिलंय ते घ्यायचं. स्लाय त्याला 'फंक बॉक्स' म्हणायचा.

ज्यांनी यंत्रासोबत रियाज केलाय त्यांना ठाऊक आहे, यंत्र वाट बघत नाही. माणूस साथीला असला की तो तुमच्या श्वासाप्रमाणे किंचित मागेपुढे होतो, समेच्या आधी तुमच्याकडे बघतो. यंत्राला बघणं नाही. मग लवचीकपणा सगळा तुमच्याकडून यावा लागतो. स्लायनं नेमकं हेच केलं. बॉक्स आपला टिकटिकत राहतो आणि बेस त्याच्या मागे, जरासा उशिरा, पाय ओढत येतो. गिटार मध्येच एक चिमटा काढून गप्प. बॉक्समधला ठेका आणि गाण्याची पहिली मात्रा जुळतेच असंही नाही. तयार ठेका तो सरकवून वापरायचा, म्हणजे यंत्राचा जोर एकीकडे पडतो आणि गाण्याचा दुसरीकडे. त्यामुळे साधा सांबा ओळखू येईनासा होतो.

फंकमध्ये पहिल्या मात्रेचं महत्त्व आपल्या समेइतकंच. जेम्स ब्राऊननं ते पक्कं केलं: बाकी काहीही करा, पण 'वन'वर सगळ्यांनी एकत्र या. 'रायट'मध्ये 'वन' आहे, पण तिथे सगळे एकत्र पोचत नाहीत. एकजण पोचलेला असतो, दुसरा वाटेत असतो. हा बँड एका खोलीत नव्हता हे तालातूनच कळतं.

एक करून बघा. आधी १९७०चं 'थँक यू' लावा. लॅरी ग्रॅहमचा बेस, ताठ आणि चमकदार. मग 'रायट'मधलं शेवटचं, सात मिनिटांचं 'थँक यू फॉर टॉकिन' टू मी आफ्रिका' लावा. गाणं तेच. पण लय इतकी खाली आणलीय की प्रत्येक मात्रेच्या मध्ये पडझड ऐकू येते. द्रुत चीज विलंबितात घेतली की ज्या फटी दिसतात, त्या त्यानं मुद्दाम उघड्या ठेवल्यात.


जांभूळआख्यानी

+१ आडवा ठेका. दोन्ही लागोपाठ ऐकली. दुसरं ऐकताना अंगावर काटा आला.


सोलापूरकर_दादा

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा.

मला हा अल्बम आदरणीय वाटतो पण लाडका नाही. तुम्ही सगळे एकट्यानं केल्याचं कौतुक करताय. मला त्यात काय गमावलं तेच जास्त दिसतं. लॅरी ग्रॅहमसारखा बेसवादक घरात असताना त्याला बाजूला ठेवून स्वतः बेस वाजवायचा? ग्रॅहमनं अंगठ्यानं तार ठोकायची आणि बोटानं उचलायची ती पद्धत फंकला दिली. ती कशी सापडली माहीत आहे ना? आईसोबत वाजवायचा आणि ड्रमर राहिला नाही, म्हणून अंगठ्याचा ठोका खालच्या ढोलासाठी आणि बोटाचा झटका स्नेअर या छोट्या ड्रमसाठी. माणसाच्या अभावातून माणसानं काढलेली वाट. तिथे ड्रमर नव्हता तर त्यानं बेसलाच ड्रम केलं. इथे स्लायकडे ड्रमर होता आणि त्यानं बटण दाबलं.

एरिको १९७१मध्येच बँड सोडून गेला. ग्रॅहम १९७२मध्ये गेला आणि त्यानं ग्रॅहम सेंट्रल स्टेशन काढलं. 'रायट'मध्ये ज्याला-त्याला एकेकटं येऊन आपला तुकडा वाजवून जावं लागत होतं. ज्या बँडनं अमेरिकेला एकत्र राहून दाखवलं, त्याचं हे असं व्हावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि दुसरं, नशेबद्दल. 'त्या धुंदीतून महान कला जन्मली' असं लिहायची पद्धत पडलीय. मला ते अजिबात मान्य नाही. त्या माणसाची पुढची कितीतरी वर्षं नशेनं खाल्ली. १९८०च्या दशकानंतर त्याच्याकडून आपल्याला किती कमी संगीत मिळालं ते बघा. धाग्यावर तरुण मुलंही वाचतात, म्हणून स्पष्ट लिहिलं.


काळी_पाच

दादा, राग कसला, असंच बोलायला हवं.

नशेबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. त्याचं हे कसब नशेच्या आधीचं आहे. चर्चमध्ये, रेडिओवर, ऑटमच्या स्टुडिओत, शिवाय व्हालेहोच्या कॉलेजात संगीताचं शास्त्र शिकून कमावलेलं. नशेनं त्याच्याकडून फक्त काढून घेतलं.

बँडबद्दल मात्र थोडं पुढे जाऊ. जे गमावलं ते अल्बम लपवत नाही, उलट त्यावरच उभा आहे. 'फॅमिली अफेअर' घ्या. बँडमधलं तिथे बहीण रोझशिवाय कुणी नाही. इलेक्ट्रिक पियानोवर बिली प्रेस्टन, गिटारवर बॉबी वोमॅक, बाकी स्लाय आणि बॉक्स. म्हणजे कुटुंबावरच्या गाण्यात 'फॅमिली स्टोन' जवळपास गैरहजर. रोझ उंच आवाजात ते दोनच शब्द परत परत म्हणते आणि स्लाय खाली, खर्जात, जागरणानं बसलेल्या आवाजात गातो. विषय काय? एकाच आईची दोन मुलं, एक शिकायला आवडणारं, दुसरं हाताबाहेर गेलेलं, आणि आईला दोन्ही सारखीच. मग नुकतं लग्न झालेलं जोडपं, अजून एकमेकांना चाचपणारं. आणि सोडून जाता येत नाही, कारण मन तिथेच अडकलंय. उपदेश कुठेच नाही. हे गाणं डिसेंबर १९७१मध्ये तीन आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. ऱ्हिदम बॉक्सवर बांधलेलं आणि तिथे पहिल्या क्रमांकावर पोचलेलं हे पहिलं गाणं मानलं जातं. अल्बमही पहिल्या क्रमांकावर गेला.

आणि बटण दाबलं म्हणता, पण त्याआधी त्यानं या बॉक्सवर आणखी काम केलं होतं. स्टोन फ्लॉवर ही त्याची स्वतःची छोटी कंपनी होती. तिथे त्याची बहीण व्हेट 'लिटल सिस्टर' या त्रिकुटात गायची. त्यांचं १९७०चं 'समबडीज वॉचिंग यू' बॉक्सवरच आहे. मूळ 'स्टँड!'मधलं गाणं, तिथे भरगच्च, इथे हाडं तेवढी. स्टोन फ्लॉवरची गाणी २०१४मध्ये लाइट इन द अ‍ॅटिकनं एकत्र काढलीत, जरूर ऐका. ड्रमर हाताशी असतानाच त्याला यंत्राचा हा कोरडा आवाज हवा होता हे त्यातून कळतं.


खाडीपलीकडची

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठच्या फ्रीमाँटला असते, इथे येऊन बराच काळ झाला. व्हालेहोबद्दल थोडं लिहिते कारण त्याशिवाय हा माणूस कळत नाही.

व्हालेहोला मेअर आयलंडची नौदलाची गोदी होती. दुसऱ्या महायुद्धात गोदीला माणसं हवी होती, तेव्हा टेक्सास-लुइझियानातून कितीतरी काळी कुटुंबं या भागात आली. शिवाय फिलिपिनो आणि गोरे कामगार. शाळेत सगळी पोरं एकत्र. स्लाय शाळेत असताना ज्या गायनवृंदात होता, 'व्हिस्केन्स', तोही मिश्र वंशाचा होता. आणि केएसओएल हे काळ्यांच्या सोल संगीताचं स्टेशन, तिथे तो बीटल्स आणि डिलन वाजवायचा. म्हणजे मिश्र बँड ही त्याची घोषणा वगैरे नव्हती, त्याला ठाऊक असलेलं जगच तसं होतं.

आता तेच जग १९६८ ते ७१मध्ये कसं फाटलं ते बघा. एप्रिल १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या, जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची. डिसेंबर १९६९मध्ये इथून जवळच ऑल्टमाँटच्या कार्यक्रमात खून. मे १९७०मध्ये केंट स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळीबार. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष खाडीच्या याच काठावरचा, ऑकलंडचा. त्यांच्याकडून स्लायवर दबाव होता की गोरे वादक काढ, आणखी उघडपणे बोल. कंपनीला गाणी हवी होती, पँथर्सना घोषणा हवी होती, प्रेक्षकांना वुडस्टॉकचा स्लाय हवा होता. त्यात २७ जुलै १९७०ला शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये त्याचा मोफत कार्यक्रम होता. तो मंचावर यायच्या आधीच दंगल उसळली, गाड्या जाळल्या, कितीतरी लोक जखमी झाले. इतक्या जणांना हवा असलेला माणूस घराच्या माळ्यावर जाऊन बसला यात मला नवल वाटत नाही.

सोल गायक मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन', म्हणजे 'काय चाललंय', हा अल्बम मे १९७१मध्ये आला. स्लाय आपल्या अल्बमला 'आफ्रिका टॉक्स टू यू' म्हणणार होता, ते बदलून त्यानं गेच्या प्रश्नाला उत्तर म्हणून हे नाव दिलं. मला हे दोन अल्बम लागोपाठ ऐकायला आवडतात. गे हाक मारतोय, सगळ्यांना जवळ बोलावतोय. स्लाय दार न उघडता आतून उत्तर देतोय.

मुखपृष्ठाचा कुणी उल्लेख केला नाही. अमेरिकेचा झेंडा आहे, पण निळ्याच्या जागी काळा आणि चांदण्यांच्या जागी सूर्य. स्टीव्ह पेलीनं काढलेला फोटो. काळा म्हणजे रंगाचा अभाव, पांढरा म्हणजे सगळे रंग एकत्र, आणि लाल रक्ताचा, कारण ते सगळ्यांचं सारखं, असा त्यामागचा विचार स्लायनं सांगितला होता. वर एक अक्षर नाही, ना नाव ना त्याचं चित्र. १९७१मध्ये एवढ्या मोठ्या गायकानं स्वतःचा चेहरा आवरणावरून काढून घेणं, हे मला धाडसाचं वाटतं.


नवखी_श्रोती

खाडीपलीकडची ताई, फार सुंदर लिहिलंत. एक शंका. यादीत अल्बमच्या नावाचं गाणं दिसतं पण ते वाजतच नाही. वेळ शून्य मिनिटं शून्य सेकंद?


खाडीपलीकडची

बरोबर दिसतंय. पहिल्या बाजूच्या शेवटी ते नाव छापलंय आणि वेळ ०:००. लोकांनी वर्षानुवर्षं त्याचा संबंध शिकागोच्या दंगलीशी जोडला. स्लायनं पुढे खुलासा केला की त्याला दंगल नकोच होती, म्हणून ती शून्य ठेवली.


पारावरचा_ग्रामोफोन

उशिरा आलो, सगळं वाचून काढलं. मला एका वेगळ्या धाग्याकडे वळायचंय, एकहाती निर्मितीकडे.

१९७०च्या सुमाराला पहिल्यांदा एका माणसाला अख्खा अल्बम रचणं खरोखर शक्य झालं. ट्रॅक वाढले, सिंथेसायझर आला, ऱ्हिदम बॉक्स आला. स्टीव्ही वंडरनं १९७२मध्ये 'म्युझिक ऑफ माय माइंड' जवळपास एकट्यानं वाजवला. शुगी ओटिसनं १९७४च्या 'इन्स्पिरेशन इन्फर्मेशन'मध्ये बहुतेक वाद्यं स्वतः हाताळली, त्यातही ऱ्हिदम बॉक्स आहे आणि स्लायची सावली स्वच्छ दिसते. प्रिन्सनं १९७८मध्ये पहिल्याच अल्बमवर सगळी वाद्यं आपली म्हणून छापलं आणि १९८०चा 'डर्टी माइंड' घरच्या स्टुडिओत केला. डिअँजेलोचा २००० सालचा 'व्हूडू' ऐका, बेस आणि ड्रम्स मुद्दाम मागे रेंगाळतात. आडवा ठेका यांनी जे पाय ओढणं लिहिलंय ते तीस वर्षांनी तिथे पोचलंय, आणि या वेळी यंत्राशिवाय, माणसांनी शिकून.

पण या रांगेत स्लाय वेगळा आहे असं मला वाटतं. वंडर आणि प्रिन्स एकटे वाजवतात तेव्हा ताकद दिसते. बघा, मला कुणाची गरज नाही. प्रत्येक वाद्य घासूनपुसून जागेवर. स्लाय एकटा वाजवतो तेव्हा रिकाम्या खुर्च्या दिसतात. तो फ्रेडीसारखी गिटार वाजवायला बघतो, लॅरीच्या जागी बेस धरतो, पण त्यांच्यासारखं होत नाही आणि तो ते तसंच ठेवतो. एकट्यानं केलेल्या इतक्या अल्बमांमध्ये दुसऱ्यांची उणीव इतकी ऐकू येणारा मला हा एकच माहीत आहे.

जॅझवाल्यांनी हे पटकन ओळखलं. माइल्स डेव्हिसच्या १९७२च्या 'ऑन द कॉर्नर'वर स्लायचा प्रभाव उघड आहे. हर्बी हॅनकॉकनं १९७३च्या 'हेड हंटर्स'मध्ये एका रचनेचं नावच 'स्लाय' ठेवलं.


आडवा_ठेका

रिकाम्या खुर्च्या, अगदी! पण बॉक्सनं गाणं नेहमीच रिकामं होतं असं नाही. 'आफ्रिका टॉक्स टू यू' पावणेनऊ मिनिटांचं आहे, त्यात बेस आणि गिटार इतके मजेत एकमेकांना टोचतात की गर्दी वाटते. मध्येच तो झाड पाडताना देतात तशी आरोळी ठोकतो आणि सगळं कोसळल्याचं मागून कोरस सांगतो. गंमत आणि धास्ती एकाच ओळीत. माझ्या मते हे अल्बममधलं सर्वांत भारी गाणं. 'फॅमिली अफेअर'पेक्षाही.

'टाइम' मात्र विलंबित ऐकायची सवय असलेल्यांनीच ऐकावं. बॉक्स, कीबोर्ड आणि गळा. तो शब्द इतका ओढतो की लय सुटेल अशी भीती वाटते आणि बरोब्बर शेवटच्या क्षणी परत येतो. गॉस्पेल गाऊन कमावलेला गळा आहे, उगाच नाही.


जांभूळआख्यानी

'स्पेस्ड काउबॉय'मध्ये तो मेंढपाळांसारखं यॉडलिंग करतो ते कुणाला आवडतं का? मला तिथे पुढे सरकवावं लागतं.


टेपचं_रीळ

मला आवडतं. मागे बॉक्सचा ठेका ऐका, स्वस्तातल्या ऑर्गनचा असतो तसा. काळ्या गायकानं गोऱ्या काउबॉयचं गाणं धरून त्याची चाल वाकवलीय. व्हालेहोच्या शाळेत असं गाणं ऐकू येतच असणार. पण अल्बममधलं ते सगळ्यात सैल गाणं, हे मान्य.


सोलापूरकर_दादा

सगळ्यांचं वाचलं आणि अल्बम पुन्हा लावला. माझं मत फारसं हललेलं नाही. पण 'रनिंग अवे'बद्दल कुणीच लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. पूर्ण अल्बममध्ये एवढी एकच जागा आहे जिथे ब्रास मोकळेपणानं वाजतो. चाल लहान मुलाच्या गाण्यासारखी, सोपी. रोझ आणि स्लाय गातात, मध्ये 'हाहा हीही' असं हसणं, आणि त्या हसण्यात टोमणा आहे. पळून पळून जाशील कुठे, असा. आणि त्याच्या पाठीवर सिंथियाचा ट्रम्पेट. साधी सुरावट, पण नितळ. गढूळ टेपमधूनही तो सूर वर येतो. मला बँड हवाय म्हणजे काय हवंय, ते या सुरावटीत आहे.

ग्रामोफोन, रिकाम्या खुर्च्यांचं पटलं. पण मग पुढचा अल्बम ऐका ना, १९७३चा 'फ्रेश'. तिथे ड्रम्सवर अँडी न्यूमार्क आलाय. 'इन टाइम'मध्ये बॉक्सही आहे आणि त्याच्यावर जिवंत ड्रमर वाजवतोय, यंत्राच्या फटींमध्ये आपले ठोके पेरत. बेसवर रस्टी अ‍ॅलन. हवा परत आलीय. स्लायला यंत्र सोडायचं नव्हतं हे मान्य, पण त्याला माणूसही लागला, हे 'फ्रेश'वरून दिसतं. 'रायट' ही वाट होती, 'फ्रेश' हे गाव.


आडवा_ठेका

दादा, 'इन टाइम'चा ठेका मी अजून पूर्ण उलगडू शकलेलो नाही. न्यूमार्कचा हाय-हॅट, म्हणजे पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी, कुठे उघडतो ते लिहून काढायचा प्रयत्न चालू आहे. 'फ्रेश'वर वेगळा धागा काढाच.


नवखी_श्रोती

मला ऐकण्याचा क्रम सांगाल का कुणी? आता सगळंच ऐकायचंय.


काळी_पाच

माझा क्रम असा. आधी 'स्टँड!' पूर्ण, म्हणजे बँड काय होता ते कळेल. मग लिटल सिस्टरचं 'समबडीज वॉचिंग यू'. मग १९७०चं 'थँक यू'. त्यानंतर 'रायट', एका बैठकीत, गाणी मागेपुढे न करता. लगेच 'फ्रेश'. शेवटी हवं तर मार्विन गे, खाडीपलीकडची ताई म्हणतात तसं.

'रायट'ची २००७ची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या, त्यात शेवटी काही वाद्यसंगीताचे तुकडे जास्तीचे आहेत. गळा नसताना बॉक्स आणि बेसचं नातं त्यात छान सुटं ऐकू येतं. स्पीकरवर ऐका, हेडफोन नको. बेसला खोली लागते.


टेपचं_रीळ

आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये वरचे सूर वाढवू नका. झांजा मिळणार नाहीत, फक्त खरखर मिळेल.


सोलापूरकर_दादा

'फ्रेश'चा धागा रविवारी मी काढतो. आडवा ठेका, हाय-हॅटचं जेवढं लिहून झालंय तेवढं तिथे टाका, बाकीचं मिळून बघू.